हिरडीचा सूड

टेबलावर ती झाकणाची छोटी बाटली दिसतेय ना? तिच्यातल्या पाण्यासारख्या औषधात एक काळपट तांबडा धागा पडलाय, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. मी त्या धाग्यात आहे. नेमकी कुठे ते विचारू नका, माझ्यासारख्या लाखो जणी तिथे एकमेकींना घट्ट धरून बसल्यात. डॉक्टर आम्हाला प्लेटलेट म्हणतात. पुस्तकात बिंबिका असं गोंडस नाव आहे, पण मी गोंडस नाही. माझं सगळं आयुष्य सूड घ्यायच्या तयारीत गेलं. आयुष्य म्हणजे केवढं, तर सात दिवस. तेवढ्यात मी एका कारागिराचा उजवा हात आणि वाचा दोन्ही हिरावून घ्यायला निघाले होते.

माझा जन्म त्या कारागिराच्या, म्हणजे मास्तरांच्या, कमरेच्या हाडात झाला. हाडाच्या आत मऊ मगज असतो, त्यात आमची आई राहते. ती एवढी थोरली, की शेजारच्या पेशी तिच्यापुढे पोरं वाटतात. ती आम्हाला जन्म देते म्हणजे स्वतःचेच तुकडे तोडून तोडून रक्तात सोडते. एक आई संपते आणि हजारो मुली वाहत्या होतात. अशा आया हाडाहाडांत पुष्कळ आहेत, आणि दर आठ-दहा दिवसांनी मुलींचा सगळा गोतावळा नवा होतो.

मास्तर तरुण होते तेव्हाच्या आया शांत होत्या म्हणे. मुलींना निरोप देताना एवढंच सांगायच्या, "जखम दिसली तर धावून जा, भोक बुजवा आणि गप्प बसा. नाही दिसली तर उगाच कुणाच्या वाटेला जाऊ नका." त्यातल्या बहुतेक मुली काहीही न करता जन्मभर हिंडायच्या आणि म्हाताऱ्या होऊन प्लीहेत विसावायच्या. मला त्यांची कीव येते.

माझी आई तसली नव्हती. मास्तर एकाहत्तरीचे झाले होते, आणि म्हातारपणी हाडातला कारभारही बदलतो. पूर्वी एकेक पायरी चढून, तावून सुलाखून प्लेटलेट तयार व्हायची. आता तिथे एक आडवाट पडली होती आणि त्या वाटेने आम्ही झटपट जन्मत होतो, अंगाने मोठ्या, डोक्याने गरम. त्यात आईच्या कानावर अकरा वर्षं रोज एकच बातमी येत होती, की हिरडीत आग लागलीय. ऐकून ऐकून तिचं डोकं फिरलं होतं. तिने आम्हाला वैराचं बाळकडूच पाजलं. मला रक्तात ढकलताना ती म्हणाली, "बुजवायला जाऊ नकोस. सूड घ्यायला जा."

"कोणाचा?" मी विचारलं.

"सापडेल त्याचा," ती म्हणाली, आणि तिचा उरलेला तुकडाही तुटून वाहत गेला.

आता ही हिरडीची आग काय ते सांगते. मास्तर सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवायचं काम करतात. या कामात दोन्ही हात अडकलेले असतात. डावा कापड ताणून धरतो, उजवा हातोडी मारतो. मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. मूठभर बारीक खिळे खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये धरायचे, जिभेने एकेक पुढे आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाला लावायचा आणि ठोकायचा. मास्तरांचे वडील असंच करत, मास्तरांनीही पन्नास वर्षं असंच केलं. त्यामुळे त्यांचं बोलणं दातांआडून यायचं, अर्धं गिळलेलं. गल्लीत त्यांना मुके मास्तर म्हणतात. त्यांची बायको त्याच खोलीच्या कोपऱ्यात मशीनवर खोळी शिवते. चाळीस वर्षांच्या सरावाने तिला ते खिळ्यांआडचं बोलणं बरंचसं कळायचं. नाही कळलं तर मान वर न करता म्हणायची, "आधी खिळे थुंका, मग बोला."

इतकी वर्षं तोंडात लोखंड धरल्यावर हिरडी राहते थोडीच. टोचून टोचून ती दातांपासून सुटली आणि खाचांत जंतूंनी बिऱ्हाडं थाटली. दोन दाढा हलायला लागल्या. सकाळी ब्रश केला की थुंकी गुलाबी यायची. आमच्या बहिणी रोज तिथे जाऊन शिवायच्या आणि दुसऱ्या दिवशी खिळे ते सगळं उसवायचे.

दातांचा डॉक्टर काही लांब नव्हता. दोन गल्ल्या सोडून मास्तरांच्या सख्ख्या पुतण्याचा दवाखाना आहे. पण त्या दवाखान्याच्या भिंतीवर एक हातोडी टांगलेली आहे, आणि घोडं तिथेच अडलं.

हातोडी मास्तरांच्या वडिलांची. तिच्या लाकडी दांड्यावर वडिलांच्या अंगठ्याने खळगा पाडलेला आहे. वडील गेले त्याच आठवड्यात धाकट्या भावाने ती "आठवण म्हणून" उचलून नेली. धाकट्याने विशीतच हे काम सोडून कचेरीत नोकरी धरली होती. खिळ्याचं टोक कुठल्या बाजूला असतं तेही तो विसरला असेल, असं मास्तर म्हणायचे. पुढे, अकरा वर्षांपूर्वी, धाकट्याचा मुलगा दातांचा डॉक्टर झाला आणि बापाने ती हातोडी मुलाच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत लावली, वर एक बारीक दिवा. मास्तर पहिल्या दिवशी कौतुकाने दवाखाना बघायला गेले होते. पेटी बघितली आणि हातातला चहा तसाच ठेवून घरी आले.

"हातोडी मारायची असते, टांगायची नसते," ते बायकोला म्हणाले. "ती भिंतीवर आहे तोवर त्या दारात मी पाऊल ठेवणार नाही."

"अहो, मग दुसऱ्या डॉक्टरकडे जा."

"दुसऱ्याकडे गेलो तर लोक विचारतील, घरचा डॉक्टर असून इथे कसे? मग मी काय सांगू?"

म्हणजे पुतण्याकडे जायचं नाही आणि दुसऱ्या कुणाकडेही जायचं नाही. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं मी ऐकली होती, यांनी हिरडी कापली. त्या अकरा वर्षांत धाकट्याचं काडीचं नुकसान झालं नाही. तरी मला मास्तर फार आवडले. हा माणूस आपल्या जातकुळीचा आहे, असं मला वाटलं.

मला हे सगळं कसं कळलं असं विचाराल, तर मागचं आईकडून ऐकलेलं आहे. आणि रक्त कानातूनही फिरतं, डोळ्यांतूनही फिरतं. घरच्या मोलकरणीइतकी घराची खबर दुसऱ्या कुणाला नसते.

आमच्या घराण्याचा आणखी एक वैरी होता, पांढरी गोळी. दोन वर्षांपूर्वी एकदा मास्तरांच्या हातातून हातोडी आपोआप गळून पडली. पाच मिनिटांत हात पुन्हा ठीक झाला, पण बायकोने त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं. मानेतल्या नळीत चरबीचा थर बसलाय, रक्त पातळ राहायला रोज एक गोळी घ्या, असं ठरलं. "दातांचा काही त्रास?" असंही त्या डॉक्टरांनी विचारलं होतं. मास्तर म्हणाले, "छे."

ती गोळी ज्या बहिणीला लागायची ती जन्माची मुकी व्हायची. वाहायची सगळ्यांबरोबर, पण तिला दुसरीला हाक मारता यायची नाही. आमची ताकद सगळी हाकेत असते. एकटी प्लेटलेट कुणाचं काय वाकडं करणार? दोन वर्षं आमच्या किती पिढ्या अशा नुसत्या वाहून गेल्या. हिरडी पेटलेली, आई पेटलेली, आणि मुली मुक्या.

माझ्या जन्माच्या सहा दिवस आधी मात्र एक गोष्ट घडली. एका निवृत्त न्यायाधीशबाईंचा सोफा कामाला आला होता. कापड सायीच्या रंगाचं. मास्तरांच्या अंगठ्याला खिळा टोचला, मुक्या बहिणींना भोक लवकर बुजवता येईना आणि एक थेंब कापडावर पडला. या धंद्यात एक जुना तोडगा आहे. ज्याचं रक्त त्याच्याच थुंकीने लगोलग पुसलं तर डाग निघतो. मास्तरांनी दोऱ्याचा बोळा तोंडात भिजवला आणि डागावर चोळला. पण थुंकीच गुलाबी होती. मोहरीएवढा डाग नाण्याएवढा झाला.

पन्नास वर्षांत त्यांच्या हातून कापडाला डाग लागला नव्हता. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मायेने म्हणाल्या, "असू द्या मास्तर, वय झालं की व्हायचंच." ते मास्तरांना फार लागलं. आता दोष कुणाला द्यायचा? हिरडीला द्यावा तर तो थेट हातोडीपाशी जाऊन पोचतो. म्हणून त्यांनी तो गोळीला दिला. दुसऱ्या सकाळपासून बायकोने तळहातावर ठेवलेली गोळी ते तिच्यासमोर तोंडात टाकायचे, खिळ्यासारखी ओठाआड धरायचे आणि ती मशीनकडे वळली की खिळ्यांच्या डब्यात थुंकायचे. पन्नास वर्षांचा हात बसलेला, तिला संशयसुद्धा आला नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी मी जन्मले, धडधाकट आणि खणखणीत आवाजाची.

पहिल्याच फेरीत दिसलं, की भोवतालच्या बहुतेक मुली माझ्याच वयाच्या, गोळी न लागलेल्या, दातओठ खात चाललेल्या. मधूनच एखादी जुनी मुकी बहीण भेटायची. आम्ही तिला ढकलून पुढे जायचो. नळीच्या भिंतीचीही एक गंमत असते. तरुण शरीरात ती गुळगुळीत असते आणि "शांत व्हा, पुढे चला" असं सारखं पुटपुटत असते. मास्तरांच्या नळ्यांचा आवाज बसला होता. आम्हाला शांत करायला मोठं माणूस असं कुणी उरलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी हिरडीत पोचले. काय तो धुमाकूळ. पांढऱ्या पेशी, म्हणजे आमच्या गावचे शिपाई, अकरा वर्षं तिथे लढताहेत. एक दमलेला शिपाई मला म्हणाला, "हे मरत नाहीत. दाढ काढून खाच साफ केली तर एका दिवसाचं काम आहे बघ. पण ते करणारा बाहेर पाहिजे."

"मग आपण काय करायचं?"

"चिडायचं," तो म्हणाला. तो माझ्या अंगाला चिकटून थोडा वेळ वाहिला आणि त्याची आग माझ्यात उतरली.

मी जंतूंवर तुटून पडायला गेले, पण ते खोल खाचेत बसलेले, माझा हात तिथवर पोचेना. उलट त्यांनी मला खिजवलं. तिथून निघाले ती जास्तच पेटून. वैरी हाताला लागत नाही म्हणून वैर थोडंच निवतं, ते दुसरा कुणीतरी शोधायला लागतं. चार दिवस मी तेच करत फिरले. पायाच्या नखापासून कपाळापर्यंत कुठे काही फाटलंय का, कुठे काही तुटलंय का.

सातव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मानेच्या नळीत गर्दी झाली. तिथल्या चरबीच्या थराला केसाएवढा तडा गेला होता. जुन्या शांत मुली असत्या तर त्यांनी तो गुपचूप लिंपून टाकला असता. आम्ही तुटून पडलो. पहिलीने हाक मारली तशा शंभर धावल्या, शंभर जणींनी हाक मारली तशा लाखभर. मी कुणाचा तरी हात धरला, कुणीतरी माझा धरला. त्या बिचाऱ्या थराने आमचं काय घोडं मारलं होतं? पण जंतू सापडले नव्हते, गोळी सापडली नव्हती, मग वड्याचं तेल वांग्यावर. आयुष्यात तेवढा आनंद मला कधीच झाला नाही, खोटं कशाला बोलू.

आमचा गोळा एवढा वाढला, की रक्ताच्या जोराने तो थरापासून सुटला आणि वर मेंदूत जाऊन एका फाट्यावर अडकला. पलीकडे रक्त जाईना. पलीकडे मास्तरांचा उजवा हात होता, आणि बोलणं होतं.

बाहेर मास्तर एका खुर्चीच्या पाठीला कापड चढवत होते. हातोडी खाली पडली. त्यांनी बायकोला हाक मारली. शब्द जाडे, ओले, एकमेकांत गुंतलेले निघाले. मशीन चालूच होतं.

"आधी खिळे थुंका," बायको म्हणाली.

ते पुन्हा काहीतरी बोलले.

"अहो, किती वेळा सांगायचं? तोंडात खिळे धरून बोललात तर मला काय स्वप्न पडणार आहे?"

तिने हातातली खोळ पुरी केली, दोरा तोडला, दुसरी खोळ घेतली. ती कापली, उलटवली, तिची एक बाजू शिवली. तेवढ्या वेळात पलीकडच्या पेशी किती मेल्या त्याची गणती नाही. आणि मी खूष होते. मला वाटत होतं, आईचा शब्द पाळला.

मग मास्तर उजवीकडे कलले. सावरायला त्यांनी डावा हात टाकला तो डब्यावर पडला आणि डबा जमिनीवर पालथा झाला. खिळे खोलीभर पसरले. बायको वैतागून उठली, गोळा करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. खिळ्यांत पांढऱ्या गोळ्या होत्या. थुंकीने भिजून वाळलेल्या, गंजाचे तांबडे ठिपके पडलेल्या, मोजून बारा. तिने मास्तरांकडे पाहिलं.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

त्यांनी उघडलं, एका बाजूने. तोंडात एकही खिळा नव्हता.

तिने फोन लावला तो पुतण्याला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तो म्हणाला, "बोला काकू."

"काकांचं तोंड वाकडं झालंय रे. गाडी काढ."

पुतण्या हातातलं काम टाकून दोन गल्ल्या पळत आला, मागून कुणीतरी गाडी आणली. वाटेत त्याने एकच विचारलं, "काकू, सुरू कधी झालं? नक्की वेळ सांगा. इस्पितळात पहिलं तेच विचारतील."

"नाही सांगता येत," ती म्हणाली. "मला वाटलं खिळे आहेत."

तिचं ते वाक्य ऐकलं आणि पहिल्यांदा माझा आनंद थोडा कडवट झाला. मला आठवलं, की मास्तर गेले तर मीही जाणार, हाडातल्या आयाही जाणार, हिरडीतले ते दमलेले शिपाईही जाणार. जंतू तेवढे दोन दिवस जास्त जगतील आणि हसतील. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होते. पण आता हात सोडता येत नव्हता. आम्ही एकदा धरलं की धरलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण माझ्यासाठी ते लाजिरवाणं आहे. मास्तरांच्या जांघेतून एक बारीक नळी आत शिरली, पोटातून, छातीतून, मानेतून वर आली, आमच्या गोळ्यापाशी थांबली आणि तिने आम्हाला ओढून घेतलं. एवढा गाजावाजा केलेलं आमचं सैन्य खरकटं काढावं तसं निघालं. मागे रक्त वाहायला लागल्याचा आवाज मी ऐकला, आणि मग ही बाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंदूच्या डॉक्टरीणबाई बाटली घेऊन मास्तरांच्या खाटेपाशी आल्या. ज्याच्या आत मी जन्म काढला तो माणूस मी पहिल्यांदा बाहेरून पाहिला. केवढासा होता. गालावर पांढरे खुंट, ओठाची उजवी बाजू खाली ओघळलेली. उजव्या हाताची बोटं चादरीची कड चिमटीत धरू पाहत होती, कापड ताणायची सवय. तीनदा निसटली, चौथ्यांदा धरली. बायको ते बघत होती. तिने डोळे पुसले आणि खिडकीकडे तोंड केलं.

"काका, हे अडकलं होतं," बाई म्हणाल्या.

"एवढंसं?" बायकोने विचारलं.

"एवढंसंच पुरतं. वय झालं की या प्लेटलेट मुळातच चिडक्या होतात, आणि अंगात कुठे सूज धुमसत असली की त्यांना चेवच येतो. यांची हिरडी मी बघितलीय. ती आधी बरी करा. आणि गोळी पुन्हा डब्यात जाता कामा नये."

पुतण्या खाटेच्या पायथ्याशी खाली मान घालून उभा होता. आता खरी मजा, मी मनात म्हणाले. आता मास्तर याला हाकलून देणार. माझा माणूस मोडेल पण वाकणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही.

मास्तरांनी बाटलीकडे पाहिलं. मग पुतण्याकडे. त्यांनी ओठ हलवले, आणि बायको सवयीने पुढे झुकली, पण या वेळी तिने खिळ्यांचं नाव काढलं नाही.

"हातोडी," मास्तर म्हणाले. प्रत्येक अक्षर लाकडात रुतलेला खिळा उपसावा तसं निघत होतं. "काढ."

"आजच काढतो, काका. बाबाच घेऊन येतील. ते खाली उभे आहेत, कालपासून. वर यायचं धाडस होत नाही म्हणतात."

 मास्तरांनी नुसतं तोंड उघडलं, पुतण्यापुढे, जमेल तेवढं मोठं. पुतण्याने खिशातून छोटी बॅटरी काढली आणि वाकून आत बघितलं. "बाप रे, काका," एवढंच तो हळू म्हणाला.

संतापाने माझा तिळपापड झाला. ज्या वैरावर मी पोसले, ज्याच्यापायी सात दिवसांचं आयुष्य उधळलं, ते या माणसाने एका बाटलीकडे बघून मोडीत काढलं. मला विचारलंसुद्धा नाही. खाली उभ्या असलेल्या त्या धाकट्याचं काय? त्याला कोण शिक्षा करणार? पण बाटलीतून आवाज जात नाही, आणि आता गोळीही पुन्हा सुरू झालीय, माझ्यामागून येणाऱ्या बहिणी मुक्याच राहणार.

आता थोड्या वेळाने आमच्या धाग्याच्या पातळ चकत्या करतील, काचेवर ठेवतील आणि वरून बघतील. त्याआधी तुम्हाला एक सांगून जाते. हे वाचता वाचता तुमच्याही हाडांत माझ्या बहिणी जन्मताहेत. त्यांची आई कान लावून बसलीय. तुमच्या अंगात कुठे काय धुमसतंय ते तुम्ही कुणालाही सांगू नका हवं तर, तिला ते कळतंच.

शेजारणीचा हात अजून माझ्या हातात आहे. ती केव्हाच गेलीय, तरी तो सुटत नाही. आमच्या कुळाला धरता येतं, सोडता येत नाही. मास्तरांना सोडता आलं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतोय.